लांब रपेटीनंतर घोडी आखडली, जानेवारीत ४० किमीला न्यावी का?

शिरूरकर: मंडळी, सल्ला हवाय, जरा घाईने. घोडी मारवाडी, सात वर्षांची, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. जानेवारीत ४० किमीच्या एन्ड्युरन्सला (लांब पल्ल्याच्या शर्यतीला) उतरवायची म्हणून तयारी चालू आहे. दिवाळीत चार दिवस पागेतच उभी होती. आज सकाळी एकदम ३० किमी काढले, बहुतेक दुडक्या चालीने. शेवटच्या टेकाडाशी पावलं आखडली, मागचे पुठ्ठे दगडासारखे. उतरल्यावर वीस मिनिटांनीही नाडी ७६. आत्ता लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी. मोतद्दार (घोडीची देखभाल करणारा) म्हणतो फिरवा, मोकळी होईल. फिरवू का? पेनकिलर घरात आहे, देऊ का?

चंदीवाला: फिरवू नका! जागच्या जागी उभी ठेवा, पाणी समोर ठेवा आणि डॉक्टरांना आत्ता फोन करा. स्नायू फुटून त्यातलं रंगद्रव्य लघवीत उतरतंय. अशा कोरड्या पडलेल्या जनावराला आपल्या मनाने पेनकिलर दिलं तर मूत्रपिंडावर दुहेरी मार. एक सांगा, त्या चार दिवसांत चंदी (दाणा) किती होती?

शिरूरकर: नेहमीचीच, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलो. सण म्हणून वर गूळ. डॉक्टर निघालेत.

चंदीवाला: तिथेच गोम आहे. काम बंद, चंदी चालू. पूर्वी ओझ्याच्या घोड्यांना रविवारची सुट्टी संपली की हेच व्हायचं, इंग्रज त्याला सोमवारचा आजारच म्हणत. सुट्टीला चंदी निम्म्याहून कमी, गवत-कडबा भरपूर, आणि पागेत बांधून न ठेवता मोकळी सोडायची.

घाटवाट: वाटेत पाणी पाजलं होतं का?

शिरूरकर: नाही ताई. तापलेल्या घोड्याला पाजू नये म्हणतात ना?

घाटवाट: हे कुणी पसरवलंय देव जाणे. घोड्याचा घाम रक्ताहून खारट. पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून कोरडं पडूनही त्याला तहान कळत नाही. उन्हात जोरात चालला तर तासाला १०-१५ लिटर घाम जातो. ओढा दिसला की थांबायचं, नाही प्यायली तरी मिनिटभर उभं राहायचं. क्षार द्यायचे ते पिणाऱ्या घोडीलाच. न पिणारीच्या तोंडात मिठाची पेस्ट कोंबली तर पाणी आतड्यात ओढलं जातं आणि ती आणखी कोरडी पडते.

माझ्या घोड्याची एकदा कूस उडायला लागली, उचकी लागल्यासारखी. हात ठेवला तर हृदयाच्या ठोक्याला ठोका जुळत होता. कॅल्शियम घसरलं होतं. व्हेट गेटवर (शर्यतीतल्या डॉक्टरी तपासणीच्या थांब्यावर) बाद केला तेव्हा मी चिडले होते, आज त्या डॉक्टरांचे पाय धरीन.

नालबंदाचा नातू: थोडं अवांतर. खोगीर काढल्यावर पाठ बघितली का? सगळी पाठ घामाने ओली आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल तर तिथे दाब पडतोय. आज डाग, महिन्याने पाठ लागलेली, म्हणजे खोगिराची जखम. आखडून चालण्यात त्याचाही हात असू शकतो.

शिरूरकर: (तीन दिवसांनी) सलाईन लावलं, लघवी दुसऱ्या दिवशी स्वच्छ झाली. रक्तात सीके (स्नायू फुटले की वाढणारं एन्झाइम) भलतंच वर निघालं. ते उतरेपर्यंत खोगीर नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. जानेवारी गेला. आणि हो, डाग होता, डाव्या बाजूला.

घाटवाट: जाऊ दे जानेवारी. डॉक्टरांनी सोडली की आधी नुसती चालवा, मग हळूहळू २० किमीपर्यंत या. उतरल्यावर पंधरा मिनिटांत नाडी ६४ च्या आत येते का, ते दर वेळी वहीत लिहा. व्हेट गेटवरही हाच आकडा बघतात. विश्रांतीची नाडी रोज सकाळी चंदीआधी घ्या, डाव्या कोपराच्या मागे.

शिरूरकर: वही आणली. आज सकाळी ३६. मोतद्दारानेच मोजली, माझी दोनदा चुकली.