टोमॅटो: कोशिंबिरीत कच्चा की सारात शिजवलेला?

धागाकर्ती, रत्नागिरी

आपल्या ताटात टोमॅटो मुख्यतः दोन रूपांत येतो: कोशिंबिरीत कच्चा आणि नारळाच्या रसातील सारात शिजलेला. ‘भाजी जितकी कच्ची तितकी पौष्टिक’ हा समज अलीकडे इतका पक्का झाला आहे की अनेक घरांत सार मागे पडून चकत्या पुढे आल्या आहेत. टोमॅटोपुरता हा समज चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य पेशींच्या भिंतींआड अडकलेले असते. शिजवल्यावर त्या भिंती मोडतात आणि ते मोकळे होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २००२ साली टोमॅटो ८८ अंश सेल्सिअसला तापवून मोजणी केली, तेव्हा ३० मिनिटांनंतर क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटले होते, मात्र टोमॅटोतून मिळू शकणारे लायकोपीन १६४ टक्क्यांनी वाढले होते. शिवाय लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणजे टोमॅटो शिजवून त्यात नारळाचा रस घालण्याची आपली रीत याबाबतीत अगदी योग्य आहे.

खाडीकाठ, दापोली

आपण दिलेले आकडे खरे आहेत, पण ते टोमॅटोत किती लायकोपीन मोजता आले ते सांगतात. माणसाच्या रक्तात किती उतरले ते सांगत नाहीत. रक्तातील मोजणी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी केली आणि ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. तेथे ताजा टोमॅटो आणि टोमॅटोची पेस्ट, दोन्ही मक्याच्या तेलासह दिली होती, आणि पेस्ट खाल्ल्यावर रक्तातील लायकोपीनची सर्वोच्च पातळी अडीच पट आढळली. हे मला मान्य आहे. परंतु पेस्ट म्हणजे कारखान्यात दळून आटवलेला गर असतो आणि आपले सार म्हणजे भरपूर पाणी घातलेले पातळ कालवण. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही.

त्याहून मोठा आक्षेप कृतीवरच आहे. बहुतेक घरांत टोमॅटो उकडून त्याची साल काढतात, गर वाटतात आणि वर तो गाळूनही घेतात. लायकोपीनचे प्रमाण सालीत गरापेक्षा बरेच जास्त असते आणि तंतूही तिथेच असतात. ज्या द्रव्यासाठी शिजवायचे, त्याचा मोठा वाटा गाळणीत टाकून द्यायचा, याला आरोग्याची रीत कशी म्हणावी? कोशिंबिरीत साल, गर आणि बिया सगळेच पोटात जाते, वर ओले खोबरे आणि तेलाची फोडणी असते, त्यामुळे स्निग्धांशाचीही उणीव राहत नाही.

धागाकर्ती

सालीचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यावर उपायही सोपा आहे: उकडलेला टोमॅटो सालीसकट अगदी बारीक वाटावा आणि गाळू नये. सार किंचित दाट होते, चवीत काही बिघडत नाही. टोमॅटो पूर्ण शिजल्यावरच नारळाचा रस घालावा आणि नंतर खळखळून उकळू देऊ नये, कारण रस फुटतो. टोमॅटो उकडलेले पाणीही सारातच घ्यावे, म्हणजे त्यात उतरलेले पोटॅशियम वाया जात नाही.

बोंडू, सावंतवाडी

मी धागाकर्तीच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. कच्च्या टोमॅटोचे समर्थन क जीवनसत्त्वासाठी केले जाते. शंभर ग्रॅम टोमॅटोत ते जातीनुसार साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम मिळते, तर आपल्या काजूच्या बोंडूत तेवढ्याच वजनात दोनशेच्या आसपास असते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत बागांमध्ये बी काढून घेतल्यावर बोंडूंचे ढीग कुजत पडतात, आणि आपण घाटावरून आलेल्या टोमॅटोत क जीवनसत्त्व शोधतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. पेरू आणि आवळाही याबाबतीत टोमॅटोच्या कितीतरी पुढे आहेत. टोमॅटोकडून जे विशेष मिळते तेच घ्यावे, आणि ते शिजवून अधिक मिळते.

खाडीकाठ

हाच न्याय लायकोपीनला लावू या. ते कलिंगडातही भरपूर असते आणि तेथे शिजवण्याची गरजच पडत नाही, कारण कलिंगडाच्या रसातील लायकोपीन न तापवताही शरीरात चांगले शोषले जाते. रायगडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात कलिंगडाला तोटा नाही.

बोंडू पावसाळ्यात मिळत नाही. श्रावणात मासळी बंद असते आणि ताटात नाचणीची भाकरी आणि कडधान्याची उसळ असते, तेव्हा कच्चा टोमॅटो खरोखर उपयोगी पडतो. धान्य-कडधान्यातील लोह शरीर सहजी शोषत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर शोषण वाढते. एरवी मासळीमुळेही हे काम काही अंशी होते, पण शाकाहारी जेवणात तो आधार नसतो. रक्तक्षय असलेल्या बाईच्या ताटात उसळीशेजारी टोमॅटोची कोशिंबीर असावी, यावर मी ठाम आहे.

लायकोपीनमुळे कर्करोग टळतो असे सर्रास सांगितले जाते, त्याबद्दलही सावध राहावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घेतलेला आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. कर्करोगाचा धोका लायकोपीनमुळे कमी होतो याला विश्वासार्ह पुरावा नाही, आणि टोमॅटोबाबत काही मोजक्या कर्करोगांपुरता अत्यंत मर्यादित पुरावा आहे, असे त्यात म्हटले आहे.

माजघर, मालवण

मूत्रपिंडाच्या रुग्णांचा उल्लेख येथे व्हायलाच हवा. शंभर ग्रॅम टोमॅटोत दोनशे मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. उकडलेले पाणी सारातच घ्यावे, हा वरचा सल्ला निरोगी माणसासाठी योग्य आहे. ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवण्यास सांगितले आहे त्यांनी तो पाळू नये, आणि टोमॅटो किती खावा हेही डॉक्टरांनाच विचारावे.

दुसरे भांड्याबद्दल. टोमॅटोच्या आंबटपणामुळे कल्हई उडालेल्या पितळी भांड्यातून तांबे पदार्थात उतरते, त्यामुळे सार स्टीलच्या पातेल्यात करावे.

धागाकर्ती

माजघर यांची सूचना मी पूर्णपणे मान्य करते. कर्करोगाचा दावा मी केलेला नाही आणि करणारही नाही. श्रावणातील उसळीबरोबर कोशिंबीर असावी, हेही मला पटते. मात्र त्यामुळे रोजच्या भाताबरोबरचे सार कमी पौष्टिक ठरत नाही, आणि ‘शिजवले की सत्त्व गेले’ असे सांगून ते ताटातून काढण्याला माझा विरोध कायम आहे.

खाडीकाठ

साल न काढता आणि न गाळता केलेल्या साराला माझाही आक्षेप नाही. गाळलेल्या साराबद्दल माझे मत बदललेले नाही.