मदत हवी आहे: ऊसतोड वहिनीची तपासणी, कार्ड गावाकडंच राहिलंय

आमच्या शेताशेजारी बीडकडची टोळी उतरलीय. त्यातली एक वहिनी सहा महिन्यांची गरोदर, पहिलटकरीण. पहाटे चारला फडात जाते, डोक्यावर मोळ्या वाहते. परवा पाणी प्यायला आली तेव्हा पापणी खाली ओढून पाहिली, अगदी पांढरीफटक. दवाखान्यात नेलं तर हिमोग्लोबिन ७.८! लोहाच्या गोळ्या दिल्या, पण नोंद करताना माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. ते गावी, सासूच्या पेटीत.

आशाताई किंवा अंगणवाडीत काम करणारं कुणी असेल तर सांगा: कार्डाचा फोटो मागवला तर इथं पुढच्या तपासण्या होतील का? अंगणवाडीचा आहार इथं सुरू करता येतो का? मातृवंदना योजनेचे पहिले ३,००० आलेत, उरलेले २,००० बाळाच्या जन्मनोंदणी आणि लसींनंतर. त्या लसी इथं घेतल्या तर अडेल का?

मुकादम म्हणतो, "उचल घेतलीय, सुट्टी कशी देऊ?" त्याच्याशी कसं बोलायचं तेही सांगा. भांडून चालणार नाही, राग तिच्यावरच निघेल.