नागपुरात रोहिडा जगवायचाय: काळ्या मातीचं काय करू?

नमस्कार मंडळी,

बेसाकडे आमचा छोटा प्लॉट आहे, तिथे रोहिडा लावायचा आहे. राजस्थानचं राज्यपुष्प ते हेच. फेब्रुवारी-मार्चात जोधपूर-बाडमेरकडे गेला असाल तर दिसलाच असेल. बेताच्या उंचीचं झाड, फांद्यांची टोकं खाली झुकलेली. एकाला पिवळी फुलं, शेजारच्याला नारिंगी, पलीकडचं पार लालभडक. तिकडे त्याला मारवाडचा साग म्हणतात. कोरीव फर्निचरला लाकूड उत्तम, आणि त्यापायीच बिचारा तुटत गेला.

बहिणीने जोधपूरहून बिया पाठवल्या होत्या, कागदासारखे पातळ पंख असलेल्या. सहज उगवल्या. नवतपात (मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस) कुंड्या गच्चीवर होत्या, तरी पानं टवटवीत. ऊन हा प्रश्नच नाही. गडबड झाली ती झडी लागल्यावर. खालची पानं पिवळी पडायला लागली, बुंधा मऊ लागायला लागला. एक रोप उपटून पाहिलं तर मूळ काळपट, साल चिमटीत सुटून आली.

थरच्या वाळवंटात वर्षाला १०० ते ५०० मिमी पाऊस, आपल्याकडे हजाराच्या वर. त्यात प्लॉटवर काळी कापसाची माती. उरलेली रोपं मुरमाच्या उंचवट्यावर लावली तर टिकतील का? की सोटमूळ खाली काळ्या मातीत उतरलं की पुन्हा तेच? विदर्भात कोणाकडे रोहिडा फुललाय का?

आणि कृपया टेकोमा (पिवळ्या घंटाफुलांचं शोभेचं झुडूप) सुचवू नका. नर्सरीवाला तेच गळ्यात मारत होता. कूळ एक असलं तरी टेकोमाचं पान संयुक्त, दातेरी. रोहिड्याचं साधं, चिंचोळं, राखट हिरवं, कडा लहरी.

प्रतिसाद १
भाऊ, उंचवटा कराच, पण खड्डा खणून त्यात मुरूम भरू नका. काळ्या मातीतला खड्डा म्हणजे हौद, आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच येऊन बसतं. जमिनीच्या वरच मुरूम आणि रेती दोन-अडीच फूट चढवा, उताराकडे चर काढा. पाणी खाली साचलं नाही तर मूळ खोल गेलं तरी एवढी भीती नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा कोवळी मुळं तुटतात, म्हणून बुंध्यापासून जरा लांब पालापाचोळा पसरा. बुंध्याला अजिबात टेकवू नका.

प्रतिसाद २
जागा असेल तर एकटं झाड लावू नका, दोन-तीन लावा. फुलांना वास नसतो, पण मध असतो. शिंजीर, बुलबुल असे पक्षी तो प्यायला येतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. बियांची रोपं आहेत, त्यामुळे रंगाची हमी कोणी देणार नाही. फुलं यायला काही वर्षं जातील, तोवर धीर धरा.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांनाही. मग पाऊस थांबेपर्यंत कुंड्या पत्र्याखाली ठेवतो आणि दिवाळीनंतर उंचवटा घालतो. हिंगण्याकडून ट्रॉली मागवायची आहे. मुरूम जाडा घेऊ की चाळलेला?