आधी २,८,१ की आधी पांढरा पोटॅश?

तापीकाठ:
रावेर तालुक्यात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. माझं मत स्पष्ट आहे, पटलं नाही तर जरूर वाद घाला. रसायनशास्त्राची सुरुवात अणूच्या कवचांपासून करू नये. सोडियमच्या कवचांत इलेक्ट्रॉन २,८,१, क्लोरीनच्या २,८,७, एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला, बाहेर आठ झाले, अष्टक पूर्ण. मुलं हे घडाघडा म्हणतात. गेल्या आठवड्यात टेबलावर दोन वाट्या ठेवल्या, एकीत युरिया, दुसरीत पांढरा पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड खत. विचारलं, पाण्यात विरघळवल्यावर वीज कशातून जाईल? वर्ग गप्प. दोन्ही गोण्या यांच्या घरच्या ओट्यावर पडलेल्या असतात!

मग करून दाखवलं. पेन्सिलीची दोन शिसं, नऊ व्होल्टची बॅटरी, एक छोटा एलईडी. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की काही न टाकताच दिवा मिणमिणतो. युरियाच्या ग्लासात काहीच झालं नाही, पोटॅशमध्ये दिवा लागला. तेव्हा मागच्या बाकावरून आलं, "बाई, असं काहून?" माझ्या मते इलेक्ट्रॉन फळ्यावर यायची वेळ ती. त्याआधी नाही.

लळिंग:
ताई, प्रयोग उत्तम, पण निष्कर्ष पटत नाही. मी धुळ्यात अकरावी-बारावीला शिकवतो. "काहून"चं उत्तर शेवटी कवचांतच आहे ना? पोटॅशियम २,८,८,१. बाहेरचा एक गेला की धन आयन, म्हणजे धन भाराचा कण, तो पाण्यात मोकळा फिरतो, म्हणून वीज वाहते. युरियाचे अणू इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून बसलेत, पाण्यातही रेणू अख्खाच राहतो. ही चौकट आधी दिली नाही तर मुलाला प्रत्येक पदार्थ वेगळा पाठ करावा लागेल. लिथियम, सोडियम, पोटॅशियम तिन्ही पाण्याशी झोंबतात, ते बाहेरच्या एका इलेक्ट्रॉनमुळे. एका आकड्यात आवर्तसारणीतला अख्खा रकाना समजतो. एवढी सोय सोडून द्यायची?

तापीकाठ:
सर, तो रकाना मेंडेलीव्हनं १८६९ मध्येच मांडला होता, अणुभार आणि गुणधर्म बघून. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, बोरची कवचं १९१३ ची, लुईसची इलेक्ट्रॉन-जोडी १९१६ ची. माणसं पदार्थाकडून अणूकडे गेली. मुलांनाच उलटं का चालवायचं?

लळिंग:
कारण माणसांना त्याला कित्येक दशकं लागली. पोराच्या हातात दोन सत्रं आहेत.

केळीबाग:
मी शेतकरी, शिक्षक नाही. मागच्या हंगामात एकाच टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि झिरो झिरो पन्नास (पोटॅशियम सल्फेट) मिसळून ठिबकला सोडलं. टाकीत दही फाटल्यासारखा पांढरा साका, दोन एकरांतले ड्रिपर बंद. एकेक उघडून सुईनं टोकरत बसलो. मुलगा दहावीत, आयनांच्या धड्यात पूर्ण मार्क. टाकी ढवळत होता तोच, पण त्याला सुचलं नाही. नंतर मात्र वही आणून त्यानंच दाखवलं, "पप्पा, कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले, हे जिप्सम झालं." मला तरी बाईंचं पटतं. वही आणि टाकीची भेट फार उशिरा होते.

लळिंग:
दादा, नुकसानीचं वाईट वाटलं. पण समजलं ते वहीमुळेच ना? कॅल्शियमवर दोन धन, सल्फेटवर दोन ऋण, ओढ जबरदस्त, म्हणून विरघळत नाही.

बंधऊर्जा:
सर, इथे थांबवते. मग मॅग्नेशियम सल्फेटचं काय? तिथेही दोन धन, दोन ऋण, तरी साखरेसारखं विरघळतं. मॅग्नेशियमचा आयन लहान, पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरतात, कॅल्शियमला तेवढं नाही. स्फटिकाची ओढ आणि पाण्याची ओढ यांच्या या रस्सीखेचीबद्दल २,८,८,२ काही सांगत नाही.

जळगावात एम.एस्सी. करते. शाळेपासून डोक्यात बसलेलं एक वाक्य काढायला मला फार वेळ लागला, "सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो." त्याला काही द्यायचं नसतं! एक मोल (अणू मोजायचं ठरलेलं माप) सोडियम अणूंचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीन तो घेतो तेव्हा ३४९ च परत मिळतात. म्हणजे व्यवहार १४७ नं तोट्यात. तो भरून निघतो आयन स्फटिकात रचले जाताना, तिथे ७८७ सुटतात. मीठ ८०१ अंशांपर्यंत वितळत नाही ते या रचनेमुळे. अष्टकाचा नियम उपयोगी आहे, पण तो कारण म्हणून शिकवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लळिंग:
हे मान्य. अकरावीलाही मी "अष्टकासाठी" म्हणून मोकळा होतो, ते बदलेन. पण कवचं आधीच हवीत, यावर ठाम आहे.

तापीकाठ:
सोमवारी दोन ग्लास मांडते, एकात जिप्सम, एकात मॅग्नेशियम सल्फेट. पुस्तक बंद. मंगळवारी कवचं काढेन, सर, तेवढं तुमचं ऐकते.

बंधऊर्जा:
पोटॅशचा प्रयोग पुन्हा केलात तर खिडक्या उघड्या ठेवा, ताई. धन टोकाशी क्लोरीन सुटतो. दिवा लागला की लगेच वायर काढा.

केळीबाग:
एक विचारतो. मॅग्नेशियम सल्फेट विरघळतं म्हणता, मग ते कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत चालेल?

बंधऊर्जा:
नाही दादा, अजिबात नको. पाण्यात गेल्यावर सल्फेट सुटा होतो, कुठल्या गोणीतून आला ते कॅल्शियमला कळत नाही. पुन्हा जिप्समच. कॅल्शियम वेगळ्या दिवशी सोडा, मध्ये नळ्यांतून साधं पाणी जाऊ द्या.