टेक्सासची वीज थंडीत का गेली? : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

जोशी काकू (ए-३०४): नमस्कार. माझी लेक आणि जावई डॅलसला राहतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी विजेविना, रजया पांघरून रात्री काढल्या, आणि तेव्हापासून तिकडे थंडीचा इशारा आला की आमच्या जिवाला घोर लागतो. काल ग्रुपवर जो संदेश फिरला त्यात पवनचक्क्या गोठल्यामुळे वीज गेली असे म्हटले आहे. देशमुख भावजी, तुमची सगळी नोकरी लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा तोल सांभाळणाऱ्या केंद्रात झाली. हे खरे आहे का?

देशमुख (बी-५०१): वहिनी, पवनचक्क्या गोठल्या हे खरे आहे, पण तो संदेश अर्ध्याहून कमी गोष्ट सांगतो. केंद्रीय नियामकांनी नंतर केलेल्या चौकशीत, टेक्सास आणि आसपासच्या राज्यांतील १,०४५ वीजनिर्मिती संच त्या दिवसांत बंद पडले किंवा कमी क्षमतेने चालले असे आढळले. त्यांतील ५८ टक्के संच नैसर्गिक वायूवर चालणारे होते आणि २७ टक्के पवनऊर्जेचे. कोळसा आणि अणुऊर्जाही त्यातून सुटली नाही.

मुख्य घोटाळा वायू आणि वीज एकमेकांवर अवलंबून असण्यात होता. विहिरीतून येणाऱ्या वायूबरोबर पाणी येते, ते तोंडाशी गोठले की वायू थांबतो आणि तो थांबला की वीजकेंद्र थांबते. वीज कमी पडली म्हणून भारनियमन सुरू झाले, तेव्हा वायू पुढे ढकलणाऱ्या अनेक कॉम्प्रेसरांचीही वीज कापली गेली, कारण 'यांची वीज तोडू नये' अशा यादीत त्यांची नोंदच झालेली नव्हती. त्यामुळे वायू आणखी घटला आणि आणखी केंद्रे बंद पडली.

सागर (सी-१०२): काका, कॅनडात याहून कितीतरी जास्त थंडी असते. तिथे ही वेळ का येत नाही?

देशमुख (बी-५०१): तिथे केंद्रे थंडीसाठीच बांधलेली असतात. टेक्सासचा उन्हाळा आपल्या विदर्भासारखा, म्हणून उष्णता निघून जावी या हेतूने बॉयलर आणि टर्बाइन बऱ्याच ठिकाणी उघड्यावरच ठेवलेले असतात. मोठी यंत्रे सहसा गोठत नाहीत, गोठतात त्या दाब मोजणाऱ्या बारीक, पाणी भरलेल्या नळ्या. १५ फेब्रुवारीच्या पहाटे साउथ टेक्सास अणुवीज केंद्रात अशीच एक नळी गोठली, तिने चुकीचा संकेत दिला, त्यावरून पाणी पुरवणारा पंप बंद झाला आणि सुमारे १,३०० मेगावॅटचा संच ग्रिडमधून, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातून बाहेर पडला. अणुभट्टीत काहीही बिघडलेले नव्हते. अशा नळ्यांना उष्णतारोधक वेष्टन आणि तापवणारी तार लावणे हे काही अवघड तंत्रज्ञान नाही. २०११ मध्येही टेक्सासमध्ये थंडीने असेच भारनियमन करावे लागले होते आणि नियामकांनी नेमकी हीच शिफारस केली होती, पण ती बंधनकारक केली गेली नाही. मला सर्वांत जास्त राग याचाच येतो.

जोशी काकू (ए-३०४): पण भारनियमन आळीपाळीने व्हायला हवे होते ना? लेकीकडे वीज परतच येत नव्हती, आणि समोरच्या गल्लीत दिवे लागलेले दिसत होते.

देशमुख (बी-५०१): कमाल २०,००० मेगावॅट भार तोडावा लागला. ज्या फीडरांवर (एकेका वस्तीला वीज देणाऱ्या वाहिन्यांवर) रुग्णालये आणि अत्यावश्यक सेवा आहेत ते तोडता येत नाहीत, आणि एवढी मोठी तूट असल्यावर उरलेल्या फीडरांमध्ये पाळी फिरवायला जागाच राहत नाही. समोरची गल्ली बहुधा अशाच एखाद्या फीडरवर असेल.

मात्र नियंत्रण कक्षातील माणसांना दोष देऊ नये. तिथे विजेची वारंवारिता, म्हणजे प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, ६० हर्ट्झ असते आणि पुरवठा मागणीला कमी पडला की ती उतरते. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास ती ५९.३ पर्यंत उतरली आणि ५९.४ च्या खाली चार मिनिटांहून अधिक काळ राहिली. ती तशीच नऊ मिनिटे राहिली असती, तर स्वतःच्या बचावासाठी आणखी संच आपोआप बाहेर पडले असते आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले असते. तसे झाले असते तर शून्यातून ग्रिड उभे करायला आठवडे लागू शकले असते. ज्यांनी हाताने भार तोडला त्यांनी ते वाचवले. पडद्यावर वारंवारिता खाली येताना पाहणे काय असते, हे मी जाणतो.

शिंदे ताई (ए-२०१): शेजारच्या राज्यांकडून वीज का घेतली नाही?

देशमुख (बी-५०१): टेक्सासच्या बहुतेक भागाचे ग्रिड मुद्दाम स्वतंत्र ठेवलेले आहे आणि बाहेरून जास्तीत जास्त सुमारे १,२०० मेगावॅट येऊ शकते. शेजारीही थंडीने बेजार होते, पण एवढी अरुंद वाट नसती तर काही मदत नक्की मिळाली असती. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड बाकी देशाशी जोडले गेले, तेव्हापासून सारा देश एकाच वारंवारितेवर, म्हणजे एकच जोडलेले ग्रिड म्हणून चालतो.

जोशी काकू (ए-३०४): मग आता तिथे काही सुधारले आहे का?

देशमुख (बी-५०१): २०२१ मध्येच कायदा होऊन वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची झाली. डिसेंबर २०२२ च्या वादळात टेक्सासमध्ये भारनियमन करावे लागले नाही, उलट अमेरिकेच्या आग्नेय भागातील टेनेसी खोऱ्यात ते झाले. परंतु तिथली बहुसंख्य घरे विजेवरच तापतात, त्यामुळे थंडी वाढली की मागणी एकदम उसळते आणि धोका पूर्ण टळत नाही. जावयांना एवढे जरूर सांगा की वीज गेल्यावर जनरेटर किंवा मोटार गॅरेजमध्ये चालू ठेवून ऊब घेऊ नये, कारण २०२१ मध्ये कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने काही घरांत माणसे दगावली. त्या वायूला वास नसतो, म्हणून तो ओळखून इशारा देणारा, बॅटरीवर चालणारा शोधक आजच बसवून घ्यायला सांगा.