लढाईतील एकाच टर्नमध्ये जाहीर झालेली गुंतागुंतीची कृती : निर्णय कसा द्यावा?

धागाकर्ता

आमच्या गटात डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ च्या नियमांनुसार चालू असून डीएमचे (खेळ चालवून निर्णय देणाऱ्याचे) काम माझ्याकडे आहे. सध्या जहाजाच्या डेकवर चाच्यांशी लढाई सुरू आहे. चौथ्या लेव्हलच्या रोगने (Rogue, चपळ व चोरट्या पात्रांचा वर्ग), म्हणजे त्यातील थीफ उपवर्गाच्या पात्राने, आपल्या टर्नसाठी पुढील कृती जाहीर केली : १० फूट धावत डोलकाठीपाशी जायचे, खंजीर उपसून शिडाचा दोर कापायचा, सुटलेला दोर धरून २० फूट उंचीवरच्या टेहळणीच्या मचाणावर पोहोचायचे, शीड आडव्या लाकडासह खालच्या दोन चाच्यांवर पाडायचे आणि वरून कप्तानावर हँड क्रॉसबो चालवायचा.

एका खेळाडूच्या मते दोर कापणे, धरून ठेवणे आणि मचाणावर उतरणे यांसाठी तीन वेगळे फासे टाकायला हवेत. दुसऱ्याच्या मते कल्पना चांगली असल्यामुळे ती जशीच्या तशी मान्य करावी. आम्ही सत्र याच टर्नवर थांबवले आहे. नियम न सोडता आणि खेळाडूचा उत्साहही न मारता यावर निर्णय कसा द्यावा, याविषयी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

प्रतिसाद १

तीन फाशांची सूचना कृपया स्वीकारू नका. या रोगचा बोनस (फाशात मिळवायचा आकडा) +५ आणि डीसी (यशासाठी गाठायचा आकडा) १३ धरला, तर वीस बाजूंच्या एका फाशात यश मिळण्याची शक्यता ६५ टक्के असते, पण लागोपाठ तिन्ही साधण्याची शक्यता जेमतेम २७ टक्के उरते. म्हणजे प्रत्येक टप्पा मध्यम कठीण ठेवूनही संपूर्ण कृती आपण जवळजवळ अशक्य करून टाकतो, आणि त्यानंतर तो खेळाडू प्रत्येक टर्नला फक्त 'मी हल्ला करतो' एवढेच म्हणू लागतो.

आधी त्याला नेमके काय साधायचे आहे ते विचारा, मग टर्नमध्ये उपलब्ध असलेल्या गोष्टी मोजा : वेगाइतकी हालचाल, एक ॲक्शन (मुख्य कृती), पात्राला मिळत असेल तर एक बोनस ॲक्शन (छोटी जादा कृती) आणि एखादी वस्तू हाताळण्याची एक मोफत संधी. खंजीर उपसणे मोफत संधीत बसते. दोराचा एसी (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) ११ आणि हिट पॉइंट (तुटेपर्यंत सोसता येणारी इजा) २ असल्यामुळे कापणे सोपे आहे, परंतु तो हल्लाच ठरत असल्याने ॲक्शन तिथेच संपते आणि क्रॉसबोसाठी काही उरत नाही. शिवाय हातही मोजावेत. खंजीर, दोर आणि क्रॉसबो मिळून तीन हात होतात.

तरीही या पात्राला हे सर्व जमू शकते, आणि ते त्याला तुम्ही स्वतःहून सांगावे असे मला मनापासून वाटते. थीफला तिसऱ्या लेव्हलला 'फास्ट हँड्स' मिळते, त्यामुळे 'यूज ॲन ऑब्जेक्ट' ही कृती तो बोनस ॲक्शनमध्ये करू शकतो. शिडांच्या जहाजावर असे दोर खुंट्यांना गुंडाळलेले असतात आणि खुंटी उपसली की दोर मोकळा होतो. तेव्हा त्याने दोर कापू नये, खुंटी उपसावी. एका हातात दोर, दुसऱ्या हातात आधीच बाण चढवलेला क्रॉसबो (चढवण्यासाठी मोकळा हात लागतो, एवढी सवलत मी देईन), आणि ॲक्शन नेमबाजीसाठी शिल्लक. मग प्रश्न एकच उरतो : दोरावरची पकड टिकते का? त्यासाठी ॲक्रोबॅटिक्सचा (कसरतीच्या कौशल्याचा) एक फासा पुरे. फासा फसला तर त्याला डेकवर आपटू नका. तो १० फुटांवर लोंबकळत राहील आणि तिथून डिसॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून लहान आकडा धरून) बाण सोडेल.

वर जाण्यासाठी उरलेली २० फूट हालचाल खर्च करायला लावा. एरवी चढताना दर फुटाला दोन फूट लागतात, पण इथे वजन खेचणारे शीड आहे. मात्र हालचाल खर्ची पडली, की शेजारच्या चाच्याला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावर लगेच करायचा हल्ला) मिळायला हवा. 'दोराने मला ओढले, मी हललो नाही' असा बचाव मग मान्य करता येणार नाही.

प्रतिसाद २

वरील सल्ला पटतो, पण शीड पडून होणाऱ्या डॅमेजचा (इजेच्या आकड्याचा) विचार राहिला आहे. चौथ्या लेव्हलचा फायटर (योद्धा) ग्रेटसोर्डच्या एका फटक्यात २डी६+४ (सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४), म्हणजे सरासरी ११ डॅमेज करतो आणि त्यासाठी त्याची ॲक्शन जाते. शीड पाडण्यासाठी पूर्ण ॲक्शन खर्च झाली असती, तर दोघा चाच्यांना प्रत्येकी १डी१० देणे रास्त ठरले असते, कारण त्याची बेरीजही ११ च्या आसपास येते. इथे मात्र फक्त बोनस ॲक्शन जाते आहे, आणि कप्तानाच्या ५ फुटांत साथीदार असेल तर बाणावर स्नीक अटॅकचे (रोगच्या जादा डॅमेजचे) २डी६ सुद्धा मिळणार आहेत. त्यामुळे मी डॅमेज देणार नाही. डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचण्याचा फासा), डीसी १३; जो फसेल तो शिडाखाली प्रोन (आडवा पडलेला). उठताना त्याची निम्मी हालचाल जाईल, आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या फायटरला तोवर ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा धरण्याची सवलत) मिळेल. एकाच्या कल्पनेचा लाभ दुसऱ्यालाही झाला, तर बाकीचे खेळाडू अशा टर्नला कंटाळत नाहीत.

जे रोगला दिले ते चाच्यांनाही द्यावे लागेल, हेही आत्ताच टेबलावर स्पष्ट करा.

प्रतिसाद ३

पाथफाइंडर या अशाच खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक टर्नला तीन ॲक्शन मिळतात, त्यामुळे धावणे, खुंटी उपसणे आणि बाण मारणे यांचा हिशेब सरळ बसतो. चालू मोहीम बदलू नका, पण पुढच्या मोहिमेसाठी अवश्य पाहा.

धागाकर्ता

खुंटीचा मार्ग खेळाडूला सांगितला आणि त्याला तो आवडला. डॅमेजऐवजी प्रोन, हेही सर्वांना मान्य आहे. एक शंका उरते : फायटर म्हणतो की तो आपल्या टर्नमध्ये ॲक्शन 'रेडी' ठेवेल (ठरलेल्या क्षणासाठी राखून ठेवेल) आणि शीड पडताच हल्ला करेल. हे चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, फक्त त्याचा टर्न रोगच्या आधी यायला हवा. रेडी ठेवलेला हल्ला रिॲक्शन (एखाद्या घटनेला लगेच प्रत्युत्तर देण्याची एकच संधी) वापरून होतो, त्यामुळे पुढचा टर्न सुरू होईपर्यंत त्याला ऑपॉर्च्युनिटी अटॅक करता येणार नाही. तसेच 'शीड पडल्यावर' हा क्षण त्याने आधीच शब्दांत सांगितलेला असावा. रोगचा फासा फसला तरी खुंटी निघालेली असेल आणि शीड पडेलच, म्हणून फायटरचा हल्ला त्या फाशावर अवलंबून ठेवू नका.