मदत हवी आहे: लंबकात ‘वस्तुमानाचा फरक पडतो’ असाच निष्कर्ष निघतोय

सातवीसाठी प्रयोग: दोरा ५० सेंमी, झोका १० अंशांच्या आत, २० आंदोलनांची वेळ. आधी १ सेंमी त्रिज्येचा गोळा, मग ३ सेंमीचा जड गोळा. वेळ येते साधारण २८.७ आणि २९.२ सेकंद, आणि मुलं म्हणतात जड गोळा हळू झुलतो! खरं कारण म्हणजे लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरायची असते. इथे ती ५१ची ५३ सेंमी झाली. (सोडतानाच ‘एक’ मोजणारेही असतात, पण तो घोळ ‘शून्य’पासून मोजलं की मिटतो.)

हे आयतं न सांगता मुलांना स्वतः कसं शोधू द्यावं? एकाच आकाराचे, वेगळ्या वजनाचे गोळे कशाचे करता? पोकळ चेंडूत अर्धीच वाळू भरली तर वस्तुमानकेंद्र खाली सरकतं, म्हणून तो उपाय बाद.